सांगोवांगीचा सिनेमा

१९७० च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली. ती शमल्यावर मुंबईहून चार माणसं गाव बघायला आली: बलराज साहनी, ख्वाजा अहमद अब्बास, आय. एस. जोहर आणि बलराजचे धाकटे बंधू भीष्म साहनी. पहिले तिघे सिनेमावाले. चौथे दिल्लीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि हिंदीत कथा-कादंबऱ्या लिहायचे. भीष्मजींनी पुढे ‘आज के अतीत’ या आत्मचरित्रात या फेरीबद्दल लिहिलंय. घरं पेटली तेव्हा घरांतले माग वितळले होते, ते त्यांनी पाहिले. गल्ल्यांत माणूस नव्हतं. आपल्याच पावलांचा आवाज ऐकताना त्यांना वाटलं, हा आवाज आपण आधी कुठंतरी ऐकलाय. ऐकला होता तो १९४७ साली रावळपिंडीत. दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले आणि हातून उतरली ती रावळपिंडीच. तीच ‘तमस’. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८८ साली गोविंद निहलानींनी ती दूरदर्शनवर आणली.

म्हणजे या देशातल्या एका थोर राजकीय चित्रकृतीची पहिली ठिणगी आमच्या गावात पडली. पण गावात हे ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. कादंबरीत भिवंडीचं नाव नाही, मालिकेतही नाही. मला ते कळलं एका निवृत्त उर्दू शिक्षकाकडून, तेही २००४ च्या सुमारास, ‘तमस’ पाहून दीड दशक उलटल्यावर. आम्ही त्यांना मास्टरसाहब म्हणायचो. त्यांनी ‘आज के अतीत’ची प्रत माझ्यापुढे ठेवली, पान उघडून बोट ठेवलं आणि म्हणाले, “पढ़िए, अपने मोहल्ले की बात है.”

भिवंडीत राजकीय सिनेमा आला तो असाच. टॉकीजवाल्यांनी तो आणला नाही, वर्तमानपत्रांनीही नाही. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, म्हणून आला.

आमचं घर कासार आळीत. वडील एका लूमच्या कारखान्यात मेहता होते. सुताची आवक, ताग्यांची मोजणी, कामगारांचा पगार, सगळं त्यांच्या चोपडीत. लूम शुक्रवारी बंद, त्यामुळे टॉकीजवाल्यांची चांदी शुक्रवारची. ऐंशीच्या दशकात ‘व्हिडिओ’ आले. पत्र्याची शेड, लाकडी बाकडी, समोर रंगीत टीव्ही, दारात खडूनं नाव लिहिलेली पाटी. पद्मानगर-कामतघरकडे तेलुगू पिक्चर, कारण तिथं तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. शांतीनगर, गैबीनगरकडे हिंदी मारामारी, कारण तिथं उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. पाळी बारा तासांची. रात्रपाळीवाला दुपारी व्हिडिओत येऊन बसायचा आणि निम्मा पिक्चर घोरत काढायचा. त्याला थंड हवा आणि मिथुन चक्रवर्ती एवढंच हवं असायचं. बारा तास खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला अभिजात सिनेमा दाखवून त्याचं प्रबोधन करायला निघालेले काही लोक मी पुढे पाहिले. त्यांची मला अजून चीड येते.

पण पहिली शिफारस मात्र लूमच्या कारखान्यातूनच आली.

वडिलांच्या कारखान्यात एक जॉबर होते. आम्ही पोरं त्यांना जॉबरमामा म्हणायचो. मूळचे लालबागचे गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि त्यातली कितीतरी परत आत गेलीच नाहीत. कापड मात्र थांबलं नाही. ते भिवंडीत विणलं जाऊ लागलं. ज्या संपात मामा घरी बसले, त्याच संपानं आमच्या गावाचा धंदा फुगवला, आणि मामा त्याच धंद्यात निम्म्या पगारावर माग दुरुस्त करायला आले. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलले ते ‘सिंहासन’बद्दल.

‘सिंहासन’ १९७९ चा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. मामा तो सांगायचे शेजारच्या चाळीतली भानगड सांगावी तसा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला अर्थमंत्री श्रीराम लागू, आणि हे सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. पण मामांचा जीव अडकलेला कामगार पुढारी डिकास्टामध्ये. सतीश दुभाषींनी तो केला होता. मामा पान्याला लागलेलं तेल पुसत म्हणायचे, “तू बघ आणि मला सांग, तो खरा की खोटा. मला अजून कळलेलं नाही.” दिग्दर्शन, छायालेखन, अभिनय, यांतला एक शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि त्यासाठी आणखी एक जोडी डोळे हवे होते. मी कॉलेजात होतो. ‘सिंहासन’ पाहिला आणि डिकास्टा खोटा आहे असं सांगून आलो. मामांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

मग त्यांनी ‘सामना’ सांगितला. तेंडुलकर-पटेल जोडीचाच, त्याआधीचा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव आणि कुठून तरी येऊन पडलेला दारूडा मास्तर. मास्तर एकच गोष्ट विचारत राहतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं. मामांच्या मते सिनेमा म्हणजे तो प्रश्न, बाकी सगळी सजावट. सिनेमा कसा बघावा हे मला त्यांनी शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. ते म्हणायचे, कुठल्याही पिक्चरमध्ये बघायचं, पैसे कुणी दिले. ‘आक्रोश’ बघ, ‘आघात’ बघ, कुठलाही बघ. ‘आघात’मध्ये जखमी कामगार पडून राहतो आणि दोन युनियनांची त्याच्यावरून चुरस चालते, तो पाहून आले तेव्हा मामा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

पुढे मी ठाण्यात एका बँकेत कारकून म्हणून लागलो आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं मला प्रभात चित्र मंडळाचा सभासद केलं. प्रभात मुंबईत १९६८ साली सुरू झालं. सुधीर नांदगावकरांनी ते कितीतरी वर्षं चालवलं. फिल्म सोसायट्यांचं वैशिष्ट्य असं की, त्यांना परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीशिवाय सभासदांना दाखवता येत. त्यामुळे काही मंडळी भलत्याच आशेनं सभासद व्हायची, आणि हंगेरियन शेतकऱ्यांची दुःखं बघून पहिल्या महिन्यात गळायची. राहायची ती खरी. खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर उभं राहून जे बोलणं व्हायचं, ते माझं विद्यापीठ. तिथं ‘झेड’ कळला: १९६३ साली थेस्सालोनिकीत ग्रीक खासदार लाम्ब्राकिसचा खून, आणि त्यावर कोस्ता-गाव्रासनं १९६९ साली केलेला चित्रपट, जो ग्रीसमध्ये लष्करी राजवट असेपर्यंत दाखवताच आला नाही. तिथंच ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या जाळलेल्या प्रिंट्सची हकिगत कळली. भिवंडीकराला मात्र या विद्यापीठाचं एक वर्ष कायम कमी भरायचं, कारण गावाला लोकल नाही. टपरीवरचं बोलणं रंगात आलं की मला घड्याळ बघत ठाण्याची गाडी आणि तिथून एसटी गाठावी लागे. पुष्कळ चित्रपटांवरची अर्धीच चर्चा माझ्या वाट्याला आली आहे.

‘बॅटल ऑफ अल्जियर्स’ मी असाच पाहिला. गिलो पाँतेकोर्व्होचा, १९६६ चा, व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळवलेला. अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा, फ्रेंच छत्रीधारी सैनिक, कसबाच्या अरुंद गल्ल्या. बघणाऱ्याला वाटतं हे बातमीपटातलं चित्रण आहे, पण वृत्तचित्राचा एक फूटही त्यात नाही. सगळं उभं केलेलं. कर्नल माथ्यूचं काम करणारा जाँ मार्तां सोडला तर बहुतेक सगळे हौशी, आणि लढ्यातला एक खरा म्होरक्या, यासेफ सादी, स्वतः निर्माता आणि नटही. मी भारावून गावी आलो आणि मास्टरसाहबांना सांगितलं.

मास्टरसाहबांची आणि माझी ओळख वाचनालयातली. त्यांनी तो चित्रपट पुढे कुठूनशी कॅसेट मिळवून पाहिला. मी त्यांना बायका टोपलीत बाँब घेऊन चौकी ओलांडतात तो प्रसंग, संकलन, संगीत वगैरे विचारायला गेलो. ते म्हणाले, “चौकीवर माणूस कसा उभा राहतो, ते बरोबर दाखवलंय. खांदे बघा त्यांचे.” १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत पुन्हा दंगल पेटली आणि ठाण्या-मुंबईपर्यंत पसरली, तेव्हाच्या संचारबंदीत दूध आणायला निघालेले मास्टरसाहब अशाच एका चौकीवर उभे राहिले होते. मी त्याच संचारबंदीत कासार आळीत होतो. पण मी खांद्यांकडे पाहिलं नव्हतं. तो चित्रपट बाँब ठेवणाऱ्यांनाही माणूस म्हणून दाखवतो याचं मला कौतुक वाटायचं. मास्टरसाहबांना त्याची भीती वाटायची. हे बघून आमच्या पोरांच्या डोक्यात काय येईल, असं ते म्हणत. यावर आमचं कधीच एकमत झालं नाही. नंतर २००३ साली इराकच्या युद्धात अमेरिकी लष्कराच्या मुख्यालयातही हाच चित्रपट अधिकाऱ्यांना दाखवला गेला, ही बातमी वाचली तेव्हा ते म्हणाले, बघा, त्यांनीही शिकण्यासाठीच बघितला.

त्यांची स्वतःची शिफारस एकच असायची, ‘गर्म हवा’. एम. एस. सथ्यूंचा चित्रपट, इस्मत चुगताईंच्या अप्रकाशित कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदींनी लिहिलेला. बलराज साहनींनी त्यात आग्र्याचा बुटांचा कारखानदार सलीम मिर्झा केला, डबिंग पुरं केलं आणि १३ एप्रिल १९७३ ला ते गेले. चित्रपट सेन्सॉरमध्ये अडकला आणि पुढच्या वर्षी लोकांसमोर आला. मास्टरसाहबांकडे या शिफारशीचं खास कारण होतं. १९७० च्या त्या फेरीनंतर बलराज साहनी पुन्हा भिवंडीत आले आणि दोनेक आठवडे इथल्या मुसलमान वस्तीत राहिले, हे भीष्मजींनी भावावरच्या पुस्तकात नोंदवलंय. मास्टरसाहबांच्या पिढीच्या लोकांना ते पुस्तक ठाऊक नव्हतं, पण ‘दो बीघा ज़मीन’चा रिक्षावाला आपल्या गल्लीत राहून गेला हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे सलीम मिर्झा आग्र्याचा नसून भिवंडीचा आहे, असं त्यांचं ठाम मत. मी म्हणायचो, सर, कथा आग्र्याची, हवेली आग्र्याची. ते म्हणायचे, चेहरा कुठला ते बघा.

‘गर्म हवा’ मी वडिलांना दाखवला. वडील सिनेमाचे वैरी. पण एका प्रसंगाला ते पुढे सरकून बसले. सलीम मिर्झा कर्जासाठी बँकेत जातो, सावकाराकडे जातो, आणि कुणी पैसे देत नाही. मुसलमान आहे, उद्या पाकिस्तानात निघून गेला तर? वडिलांनी मला टीव्हीचा आवाज कमी करायला लावला आणि सांगायला लागले. सत्तरच्या दंगलीनंतर माग जळाले हे सगळ्यांना दिसलं, पेपरात आलं. त्याहून वाईट गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे उधारी बंद झाली. लूमचा धंदा उधारीवर चालतो. सूत उधार, कापड उधार, हुंडीची मुदत साठ दिवस, नव्वद दिवस. सूत देणारा एका धर्माचा, विणणारा दुसऱ्या, तागा घेणारा पुन्हा पहिल्या. दंगल झाली की प्रत्येक जण आधी चोपडी बघतो आणि समोरच्याचं नाव बघतो. वडिलांच्या चोपडीत त्या वर्षी कित्येक पानं कोरी राहिली होती. त्यांच्या मते सथ्यू नावाच्या माणसाला धंदा कळत होता. एवढी दाद त्यांनी कुठल्याही दिग्दर्शकाला दिली नाही. मला विचाराल तर ‘तमस’पेक्षा ‘गर्म हवा’ मोठा, आणि तो या प्रसंगामुळे मोठा. दंगल दाखवताना पडदा आगीनं भरणं सोपं असतं. पत नाकारताना टेबलामागचा माणूस किती सभ्य असतो, ते दाखवणं कठीण.

आता ‘तमस’. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीत इकडे आलेलं घर. रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’चं काम चालू असताना दिल्लीतल्या एका पुस्तकाच्या दुकानात त्यांना ही कादंबरी मिळाली. जानेवारी १९८८ मध्ये ती दूरदर्शनवर सुरू झाली आणि लगेच न्यायालयात गेली. मालिकेमुळे शांतता भंगेल असं अर्जदाराचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयात आधी स्थगिती मिळाली. मग न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ फेब्रुवारी १९८८ ला न्या. सव्यसाची मुखर्जी आणि न्या. रंगनाथन यांनी अर्ज फेटाळला.

हा निकाल मला वाचायला दिला भिवंडीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका मित्रानं. तो सिनेमावेडा नाही, पण निकालाची शिफारस त्यानं सिनेमाच्या शिफारशीसारखीच केली: “रात्री वाच, मजा आहे.” मजा खरोखरच होती. चित्रकृतीचा परिणाम कुणाच्या मनावरून मोजायचा? निकाल सांगतो, कणखर, विचारी, धीराच्या माणसाच्या मनावरून; ज्याला जिथं तिथं धोका दिसतो त्या डळमळीत माणसाच्या मनावरून नाही. ही कसोटी मूळची आपल्या नागपूरची, तिथल्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी फाळणीच्या सुमारास घालून दिलेली. आणि निकालात दुसरा आधार आहे तो के. ए. अब्बास विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा, १९७० च्या सप्टेंबरमधल्या. हेच ते ख्वाजा अहमद अब्बास. मे महिन्यातल्या दंगलीनंतर ते भिवंडीत आले, आणि त्याच वर्षी त्यांचा ‘चार शहर एक कहानी’ या लघुपटाचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मुंबईतल्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉरनं अडवलेला लघुपट. चित्रपटांना आधी तपासणी हवीच का, या तत्त्वावर अब्बास हरले. पण सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी त्या निकालात सिनेमाबद्दल जे लिहिलं, ते अठरा वर्षांनी ‘तमस’च्या कामी आलं. १९७० ला भिवंडीच्या गल्लीत एकत्र चाललेल्या दोन माणसांपैकी एकाच्या कादंबरीला दुसऱ्याचा हरलेला खटला असा उपयोगी पडला. ते बघायला अब्बास नव्हते. १ जून १९८७ ला ते गेले होते. जोहरही गेले होते, बलराज तर केव्हाच. चौघांपैकी भीष्मजी तेवढे उरले होते आणि ते मालिकेत हरनामसिंगच्या भूमिकेत पडद्यावर होते, दीना पाठकांच्या सोबतीनं, म्हातारपणी गाव सोडून निघालेला शीख चहावाला.

मालिका चालू असताना आमच्या आळीत आवाज बारीक ठेवून बघत. खिडक्या लावून. चौऱ्याऐंशीला चारच वर्षं झाली होती. पहिला प्रसंग सगळ्यांच्या लक्षात आहे: ओम पुरींचा नथू एका कोंदट खोपटात डुक्कर मारतोय, त्याला ते जमत नाही, डुक्कर मरत नाही. मुरादअलीनं पाच रुपये हातावर ठेवलेत, डॉक्टरसाहेबांना हवंय म्हणून. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर. जॉबरमामा तेव्हा गावीच होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “पाच रुपये. बघितलंस?” मालिका पुढे कुठंही गेली तरी मामांच्या लेखी सगळी त्या पाच रुपयांत आली होती. कादंबरीच्या शेवटी अमन कमिटीची बस शहरातून फिरते आणि लाउडस्पीकरवर शांततेच्या घोषणा देत त्यात मुरादअलीच बसलेला असतो, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते मोठ्यानं हसले. “अशा बसमध्ये भिवंडीतले कोण कोण बसलेत, नावं सांगू का?” नावं त्यांनी सांगितली. मी लिहीत नाही.

योगायोग बघा, त्याच १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या आधीही होत्या, पण त्यांत बसायचे पुढारी आणि प्रतिष्ठित, म्हणजे बसमधलेच. खोपड्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, त्यांत पानवाला, रिक्षावाला, लूम कामगार, मेहता अशी माणसं घेतली आणि त्यांना पोलिसांसोबत दर काही दिवसांनी बसवलं. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचं. वडीलही आमच्या भागातल्या समितीत होते. बैठकीत चहा फार गोड असतो एवढीच त्यांची तक्रार.

नव्वदच्या दशकात शिफारस कॅसेटवर आली. आनंद पटवर्धनांचा ‘राम के नाम’ १९९२ चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, आणि तरी दूरदर्शननं न्यायालयानं सांगेपर्यंत न दाखवलेला. आमच्याकडे त्याची कॅसेट आली ती कुणाच्या तरी लग्नाची म्हणून. वरच्या चिठ्ठीवर वधू-वरांची नावं आणि तारीख. ती कॅसेट कासार आळीतून निजामपुऱ्यात गेली, तिथून पद्मानगरला, आणि परत येईपर्यंत इतकी घासली की अयोध्येतल्या पुजारी लालदासांचा आवाज फक्त कळायचा, चेहरा नाही. तो माणूस देवळाचा पुजारी असून जे बोलतो ते ऐकून माझी आई म्हणाली, याला कुणीतरी सांभाळा. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. ती बातमी आईला सांगायची जबाबदारी माझ्यावर आली.

इतक्या वर्षांत इतक्या शिफारशी आल्या, पण लूमवरचा चित्रपट कुणी मला सांगितला नाही. कसा सांगणार? गिरणी कामगारावर नाटकं आहेत, कादंबऱ्या आहेत, सिनेमे आहेत. त्याला लालबाग होतं, युनियन होती, शाहीर होते. लूम कामगाराला यातलं काही नाही. भिवंडीचं नाव पडद्यावर येतं ते दंगलीसाठी, आणि दंगल तर वर्षातले थोडे दिवस. उरलेल्या दिवसांत बारा तासांची पाळी, कापसाची धूळ आणि फुप्फुसं. भीष्मजींनासुद्धा वितळलेले माग दिसले. चालू माग बघायला कुणी मुंबईहून आलं नाही.

आता मागही कमी झालेत. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या बाजूला गोदामं उभी आहेत, देशभरच्या ऑनलाइन खरेदीचा माल तिथून सुटतो. जॉबरमामा नाहीत, मास्टरसाहब नाहीत. शिफारशी आता मोबाइलवर येतात, दिवसाला दहा, सोबत एकही कारण नसतं, त्यामुळे मी त्या उघडतच नाही. अपवाद एका पोराचा. गोदामात स्कॅनर घेऊन उभा असतो, वडील आझमगडहून लूमवर आलेले, जन्म शांतीनगरचा, मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. मी त्याला ‘सिंहासन’ दिला. त्यानं पाहिला, दिगू टिपणीसच्या शेवटच्या हसण्याची नक्कल करून दाखवली, आणि म्हणाला, काका, पिक्चर भारी आहे पण सगळे किती सावकाश बोलतात. मग त्यानं मला ‘कोर्ट’ बघायला सांगितला.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ चा. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की, त्याचं गाणं ऐकून गटारसफाई कामगारानं आत्महत्या केली. वीरा साथीदारांनी तो शाहीर केलाय. मी पाहिला होता आणि तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, खटला राहू दे, नाटकाचा सीन सांगा. सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या, सुट्टीच्या दिवशी नवऱ्या-मुलांना घेऊन नाटकाला जातात. रंगमंचावर मराठी बाप आपल्या मुलीच्या प्रेमात पडलेल्या उत्तर भारतीय पोराला घराबाहेर काढतो आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. मला कांबळेचा तुरुंग आठवत होता, न्यायाधीशांची उन्हाळ्याची सुट्टी आठवत होती. तो प्रवेश मी विसरलो होतो. पोरगं तो प्रवेश पुन्हा पुन्हा बघत होतं. “काका, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत तुमच्यासारखेच लोक आहेत हो. चांगले लोक.”

मी त्याला मास्टरसाहबांचं खांद्यांबद्दलचं बोलणं सांगितलं. त्यानं लगेच ‘बॅटल ऑफ अल्जियर्स’ मोबाइलवर शोधला, आणि मिळाल्यावर विचारलं, यात पैसे कोण देतं. हा प्रश्न मी त्याला शिकवला नव्हता. सध्या आमचं डिकास्टावर भांडण चालू आहे. त्याच्या मते तो खरा आहे, आणि त्याची बाजू मांडताना तो अगदी मामांसारखा हातातलं काहीतरी पुसत बसतो.